भरल्या ताटापुढे उपाशी पेशी

मधुमेहाने अत्यवस्थ झालेले एखादे मूल अतिदक्षता विभागात दाखल होते, तेव्हा बाहेर बसलेल्या आप्तांच्या मनात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. रक्तातील साखर चारशे-पाचशेच्या घरात असताना मूल असे खंगले कसे, हा पहिला. दुसरा काही तासांनी येतो. इन्सुलिन चालू असतानाच शिरेतून ग्लुकोजही सुरू केले जाते आणि एखादे आजोबा न राहवून विचारतात, "साखर उतरवायला आणले, आणि तुम्ही साखरच चढवता?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मात्र रक्तात नव्हे, पेशीत शोधावी लागतात.

अन्नाचा खरा ग्राहक पोट नसून पेशी होय. भाकरी असो वा भात, त्यातील पिष्ट पदार्थांचे शेवटी ग्लुकोज होते आणि रक्त ते दारोदार पोहोचवते. निरोगी प्रौढाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभरच ग्लुकोज असते. पेशीत शिरल्यावर त्याच्या रेणूचे प्रथम दोन तुकडे होतात. या कामाला प्राणवायू लागत नाही, पण ऊर्जाही अल्पच मिळते. पुढचे काम तंतुकणिकांत चालते. तेथे त्या तुकड्यांतील हायड्रोजन टप्प्याटप्प्याने काढून अखेर प्राणवायूशी जोडला जातो. आपण घेतलेला श्वास खर्ची पडतो तो येथे.

या ज्वलनातून सुटणारी ऊर्जा पेशी थेट वापरीत नाही. ती 'एटीपी' नावाच्या रेणूत बांधून ठेवली जाते. बंदी नोट मोडून सुटे पैसे हाताशी ठेवावेत तसे. हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि अमेरिकेत सायरस फिस्के व आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधला. तो घडतो कसा, याचे उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले. तंतुकणिकेच्या आतील पडद्यापलीकडे हायड्रोजनचे भारित कण साठवले जातात आणि ते परत येताना, धरणाचे पाणी वीजगृहातील चक्र फिरवते तसे, एक सूक्ष्म चक्र फिरवून एटीपी घडवतात. प्रारंभी या कल्पनेला पुष्कळ विरोध झाला. १९७८ साली तिलाच नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील एटीपीचा साठा कोणत्याही क्षणी पाव किलोहूनही कमी असतो, परंतु दिवसभरात घडणाऱ्या आणि मोडणाऱ्या एटीपीचे वजन माणसाच्या स्वतःच्या वजनाइतके भरते. एवढी उलाढाल अखंड चालते, म्हणूनच तिच्यातील अल्पसा खंडही जिवावर बेततो.

आता मधुमेही मुलाकडे वळू. स्नायू आणि चरबी यांच्या पेशींत ग्लुकोजला शिरकाव मिळण्यासाठी इन्सुलिन हवे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट झालेल्या असतात. मग दाराशी ग्लुकोजचा पूर आणि आत दुष्काळ, अशी विपरीत स्थिती होते. इन्सुलिनचे दुसरे काम लोकांना फारसे ठाऊक नसते. यकृताला ते सांगते, की साठा पुरेसा आहे, आता नवीन साखर करू नकोस. हा निरोप थांबला, की रक्त साखरेने भरलेले असतानाही यकृत आणखी साखर ओततच राहते. ती मूत्रावाटे बाहेर पडते, जाताना पाणी घेऊन जाते आणि मूल तहानेने व्याकूळ होते.

तिकडे चरबी वितळू लागते. ती यकृतात पोहोचते आणि तिचे कीटोन बनतात. एकादशीचा कडक उपवास करणाऱ्या निरोगी माणसातही थोडे कीटोन बनतातच; पण त्याच्या रक्तात किंचित का होईना इन्सुलिन असते आणि तेवढ्याने चरबीला लगाम बसतो. मधुमेही मुलात हा लगामच नसतो. कीटोन आम्लधर्मी असल्याने रक्त आम्ल होत जाते. पोट दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जलद चालतो व त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. हा श्वास कित्येकदा दम्याचा, तर पोटदुखी अपचनाची समजली जाते.

घरोघरी नेमकी चूक होते ती येथेच. मुलाला ताप आहे, ते काही खात नाही, मग इन्सुलिन कशाला टोचायचे, असा विचार माया करणारी आईच करते. तो वरवर समंजस वाटतो. परंतु मूल जेवले नाही तरी यकृत साखर बनवतच असते, आणि तापात शरीराची इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. अशा दिवशी मात्रा किती द्यावी, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. ती बदलू शकते. इन्सुलिन पूर्णपणे बंद मात्र कधीही करू नये.

इन्सुलिन मिळण्यापूर्वी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे, एवढाच उपाय होता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या, हाडे उरलेल्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क अशुद्ध होता आणि लाभ झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, २३ जानेवारीस पुन्हा दिला आणि मुलाची साखर व कीटोन दोन्ही उतरले. तो आणखी १३ वर्षे जगला. बँटिंग आणि मॅक्लाउड यांना १९२३ मध्ये नोबेल मिळाले.

आता त्या आजोबांचा प्रश्न. उपचाराचे लक्ष्य केवळ साखर उतरवणे नसते. पेशीचे दार उघडून कीटोन थांबवणे, हे मुख्य असते. साखर बहुधा लवकर उतरते, कीटोन सावकाश. साखर दोनशे ते अडीचशेपर्यंत आली म्हणून इन्सुलिन थांबवावे, तर कीटोन पुन्हा उसळतात. चालूच ठेवावे, तर साखर धोकादायक इतकी खाली जाईल. म्हणून इन्सुलिन चालू ठेवून सोबत ग्लुकोज देतात. इन्सुलिनबरोबर पोटॅशियमही पेशीत ओढले जाते आणि रक्तातले घटते. ते फार घटले तर हृदयाची लय बिघडते. त्यामुळे रक्ततपासण्या वारंवार कराव्या लागतात. दर तासाला बोट का टोचता, असे रागावून विचारणाऱ्या नातेवाइकांना परिचारिका हेच समजावीत असतात. आम्लता निवळली आणि मूल तोंडाने खाऊ-पिऊ लागले, की त्वचेखाली इन्सुलिन टोचतात, काही वेळ थांबतात आणि त्यानंतरच शिरेतले बंद करतात. कारण शिरेतील इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो.