दारावरचा सेन्सर काय करतो, काय करत नाही

आधुनिक मानसोपचार वॉर्डातलं दार लांबून साधंच दिसतं. जवळ गेलं की फरक कळतो. हँडल खाली उतरत गेलेलं, बिजागरी वरपासून खालपर्यंत सलग, आणि दाराच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी. त्या पट्टीत दाब ओळखणारा सेन्सर असतो. काही बनावटींमध्ये तर पूर्ण दारावर पडणारा भार मोजला जातो. जाता-येता दार उघडलं, लावलं, तरी सेन्सर गप्प राहतो. कुणी त्या दाराच्या आधाराने स्वतःला इजा करून घेतंय अशी शंका यावी असा भार आला, की परिचारिकांच्या टेबलाजवळच्या पॅनलवर खोलीचा क्रमांक उमटतो आणि अलार्म वाजतो. हातातलं काम टाकून माणसं धावतात. आतून दार अडवलेलं असलं तरी खोळंबा होऊ नये म्हणून चौकटीतला अडसर काढून तेच दार उलट्या बाजूलाही उघडता येतं.

या उपकरणांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘ज्याला जीव द्यायचाच आहे तो कुठेही देईल, दारं बदलून काय होणार?’ सुशिक्षित माणसंही हे सहज बोलून जातात. या विषयातला सगळ्यात घातक गैरसमज मला हाच वाटतो, कारण एकदा तो पटला की पुढचे सगळे प्रयत्न निरर्थक ठरतात.

वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. जीव द्यावा ही ऊर्मी बहुतेकदा लाटेसारखी येते, शिगेला पोचते आणि ओसरते. त्या वेळात साधन हाताशी नसलं किंवा कुणी मध्ये आलं, तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे जगतात. अमेरिकी संशोधक रिचर्ड सायडेन यांनी १९७८ साली याचा माग काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात जीव देण्यापासून अडवलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं, हे त्यांनी तपासलं. सुमारे ९४ टक्के लोक एक तर हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५च्या आसपास तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होतं. पुढच्या दोन दशकांत ते सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. एक वाट बंद झाली म्हणून सगळ्यांनी दुसरी वाट शोधली असती, तर हा आकडा दिसलाच नसता.

रुग्णालयांपुरतं बोलायचं तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांचं उदाहरण फार बोलकं आहे. तिथे २००७ पासून मानसोपचार वॉर्डांसाठी एक तपासणी-यादी वापरात आली. खोली, प्रसाधनगृह, दार, खिडकी, फर्निचर असं एकेक बघत जायचं, धोका दिसला की त्याची नोंद करायची आणि तो दूर करायचा, एवढंच तिचं स्वरूप. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, आधी दर एक लाख भरतींमागे २.६४ आत्महत्या होत होत्या, त्या ०.८७ वर आल्या. यातलं बरंचसं काम सुतार, प्लंबर आणि डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांचं आहे. म्हणून ‘आपल्याकडे एवढे पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न सेन्सरपुरता रास्त असला, तरी सुरक्षेच्या कामाला लागू पडत नाही. यादी घेऊन वॉर्डात फिरायला फारसा खर्च येत नाही.

याच्या उलट बाजूचाही एक समज आहे : सेन्सर बसवला, आता काळजी मिटली. तसं होत नाही. सेन्सर धोका घडायला लागल्यावर ओरडतो, तो आधी काहीच टाळत नाही. शिवाय ज्या दारावर तो बसवलाय, तेवढंच त्याचं राज्य. त्याची चाचणी वेळच्या वेळी झाली नाही, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी उतरली, किंवा खोट्या अलार्मची कर्मचाऱ्यांना सवय झाली, तर भिंतीवर उरतं ते फक्त महागडं यंत्र. आणि अलार्म ऐकून धावायला माणूस लागतोच. इंग्लंडमधल्या आत्महत्यांचा सातत्याने अभ्यास करणाऱ्या, मँचेस्टर विद्यापीठातल्या राष्ट्रीय चौकशी प्रकल्पाने २०१५ मध्ये एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवली. निरीक्षणाखाली असतानाही जे रुग्ण दगावले, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांच्या वेळी लक्ष ठेवण्याचं काम कमी अनुभवी किंवा त्या रुग्णाशी परिचय नसलेल्या कर्मचाऱ्यांकडे होतं. पाळी कुणाला लावायची हा प्रशासनाचा किरकोळ निर्णय वाटतो, पण त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

मग कुलूपच लावावं की! घरच्यांना हे सगळ्यात सुरक्षित वाटतं, आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण जर्मनीतल्या २१ रुग्णालयांच्या १५ वर्षांच्या नोंदी तपासून २०१६ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त जो अभ्यास आला, त्यात कुलूपबंद वॉर्डांच्या रुग्णालयांत आत्महत्या किंवा रुग्ण निघून जाण्याचं प्रमाण कमी असल्याचं आढळलं नाही. कोंडून ठेवलेल्या माणसाचा डॉक्टरांवरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला की मनात काय चाललंय हे तो कुणालाच सांगत नाही. कोंडण्याचं टोक आपल्या देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत पाहिलं. तिथल्या खासगी आश्रयगृहाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताच आलं नाही. २८ जीव गेले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधायला आणि एकांतात कोंडायला मनाई केली आहे. शारीरिक बंधनाला परवानगी आहे, पण तात्काळ धोका टाळायला दुसरा कोणताही उपाय नसेल तेव्हाच. दारावरच्या सेन्सरचं खरं मोल मला इथे दिसतं. त्याच्यामुळे रुग्णाला स्वतःची खोली, लावता येणारं दार आणि थोडा खासगीपणा देता येतो. तो ‘पाळत ठेवतो’ हा आक्षेपही त्यामुळे टिकत नाही. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, त्याला फक्त भार कळतो. कॅमेऱ्यांची गोष्ट निराळी, आणि तिथे रुग्णांचा आक्षेप गंभीरपणे ऐकायलाच हवा.

आकड्यांबद्दलही एक दुरुस्ती. अमेरिकेत रुग्णालयांत वर्षाला १,५०० आत्महत्या होतात, असा अंदाज कित्येक वर्षं एकमेकांच्या हवाल्याने फिरत राहिला. २०१८ साली प्रत्यक्ष नोंदींवरून हिशेब मांडला तेव्हा तो आकडा वर्षाला साधारण ४९ ते ६५ निघाला. मुलाला किंवा बहिणीला वॉर्डात भरती करायला कचरणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आपल्याकडे बऱ्याच सार्वजनिक रुग्णालयांच्या मानसोपचार वॉर्डांत रुग्णासोबत नातेवाईक थांबतो. ही मोठी जमेची बाजू आहे, पण त्या नातेवाइकाला कुणी काही सांगत नाही. रात्री डोळा लागणार असेल तर कुणाला उठवायचं, डब्याच्या पिशवीतून वॉर्डात काय आणायचं नाही, रुग्ण अचानक फार शांत झाला तर सिस्टरांना का कळवायचं, हे भरतीच्या दिवशीच दहा मिनिटं बसून समजावलं पाहिजे. ‘मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीतीही निराधार आहे. उलट, विचारल्याने बोलायला वाट मिळते.

भरतीचा काळ संपला की धोका संपला, असंही धरून चालू नये. घरी गेल्यानंतरचे पहिले एक-दोन आठवडे सर्वांत नाजूक असतात, म्हणूनच इंग्लंडच्या आरोग्यसेवेत रुग्ण घरी गेल्यापासून ७२ तासांच्या आत त्याची विचारपूस व्हावी असा दंडक आहे. आपल्याकडे तसा फोन आला नाही तर घरच्यांनी स्वतः करावा. पुढच्या तपासणीची तारीख सुट्टीच्या कागदावर लिहून घ्यावी आणि गोळ्या घरातल्या एकाने आपल्या ताब्यात ठेवाव्यात. भारत सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं, रुग्णालाही आणि त्याची काळजी वाहणाऱ्यालाही.