बोंबिलाचा वास आणि लिंबाची फोड

मासळीची पाटी घेऊन एखादी मावशी एसटीत चढली, की काही जण लगेच नाकाला रुमाल लावतात. दोस्तांनो, कदाचित तुम्हीही कधी लावला असेल! पण हा वास येतो कुठून, याचा विचार केलाय?

त्यासाठी धाकटी डहाणूला जाऊ या. पालघर जिल्ह्यातलं, समुद्रकाठचं हे मच्छीमारांचं गाव. होडी नुकतीच किनाऱ्याला लागलीय. पाटीतला ताजा बोंबील उचला आणि हुंगून पाहा. समुद्राचा हलका खारा गंध, बस्स! म्हणजे तो उग्र वास माशाचा नव्हेच. मग कुणाचा?

समुद्राचं खारं पाणी माशाच्या अंगातलं पाणी ओढून घेऊ पाहतं. त्याला तोंड द्यायला मदत करणारं एक रसायन माशाच्या शरीरात असतं. नाव जरा लांबलचक आहे हं : ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड. त्याला वास नसतो. पण मासा मेला, की जीवाणू कामाला लागतात. ते या रसायनातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइल अमाइन. हाच तो वासाचा धनी!

हे एक सेंद्रिय, म्हणजे कार्बनचं संयुग. अमोनियाच्या रेणूत हायड्रोजनचे तीन अणू असतात. त्या तिघांच्या जागी कार्बनवाले तीन मिथाइल गट बसवले, की झालं ट्रायमिथाइल अमाइन. ते सुमारे ३ अंश सेल्सिअसलाच उकळतं. म्हणून आपल्याकडच्या हवेत ते वायू होऊन थेट नाकात शिरतं.

आता आजीची युक्ती आठवा. मासळीला ती लिंबू, चिंच नाहीतर कोकम लावते. अमाइन असतं अल्कधर्मी, लिंबू आम्लधर्मी. दोघं भेटले की क्षार तयार होतो आणि क्षार काही हवेत उडत नाही. वास गायब! मासे साफ केल्यावर हाताला लिंबाची फोड चोळून पाहा, पटेल.

गंमत म्हणजे, हेच रसायन कारखान्यात मुद्दाम बनवतात. मिथेनॉल आणि अमोनिया यांच्यापासून मिथाइल अमाइन्स तयार होतात. समुद्रापासून कितीतरी दूर, सोलापूरजवळच्या तामलवाडीला बालाजी अमाइन्सचा असा कारखाना आहे. ट्रायमिथाइल अमाइनपासून कोलीन क्लोराइड बनतं. ते कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, कारण कोलीन त्यांच्या वाढीला आणि यकृताला लागतं.

धाकटी डहाणूत मात्र या रसायनाला लांब ठेवण्यासाठी रोजची धावपळ चालते. ते वाढलं की मासळी शिळी, आणि शिळ्या मासळीला भाव कुठला? मासळी किती ताजी आहे, हे ठरवायला प्रयोगशाळेतही याचंच प्रमाण मोजतात. म्हणून होडीत बर्फ न्यायचा. थंडीत जीवाणू सुस्तावतात. उरलेले बोंबील बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर उन्हात वाळवायचे. पाणीच आटलं की जीवाणूंचं चालत नाही. मध्येच पाऊस आला, तर सगळी मेहनत पाण्यात!

तेव्हा पुढच्या वेळी एसटीत ती मावशी भेटली, तर रुमाल खिशातच राहू द्या. थोडं सरकून तिला बसायला जागा द्या. आणि हो, ताजा बोंबील कसा ओळखायचा, तेही विचारून घ्या. प्रयोगशाळेशिवाय ओळखणारं नाक तिच्याकडे आहे!