पिकअपचं सॉफ्टवेअर अपडेट? आधी बॅटरीचं बघा!

म्हैसूरच्या बंडीपाळ्य बाजार समितीत माल उतरवणारी नवी पिकअप वरून साधीच दिसते. पण आत इंजिन, एबीएस ब्रेक, एअरबॅग यांचे वेगवेगळे छोटे संगणक असतात. त्यांनाच मॉड्यूल किंवा ईसीयू म्हणतात. ‘कॅन’ नावाच्या तारांच्या जोडणीवरून ते एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ साली जगापुढे आणली.

स्क्रीनवरच्या नकाशाचं अपडेट अडकलं तर फारसं बिघडत नाही. इंजिनच्या मॉड्यूलचं अर्धवट राहिलं, तर मात्र गाडी सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते. आणि कोथिंबीर काही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही!

असं का होतं? अपडेट करताना जुना प्रोग्रॅम पुसून नवा लिहिला जातो. इंजिन बंद, इग्निशन चालू. सगळा भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर. मध्येच व्होल्टेज पडलं की लिहिणं तुटतं. म्हणून किल्ली देण्यापूर्वी विचारा, ‘अपडेट होताना बॅटरीला बाहेरून स्थिर वीज देणार ना?’ साध्या चार्जरवर भागवू देऊ नका, त्याचं व्होल्टेज खालीवर होतं. मोबाइल नेटवर्कवरून होणाऱ्या अपडेटसाठी तर संयुक्त राष्ट्रांच्या आर-१५६ नियमातच पुरेशा विजेची अट आहे. अपडेट फसलं तर जुन्या आवृत्तीवर परतण्याची किंवा गाडी सुरक्षित स्थितीत ठेवण्याची सोयही हवी.

ओबीडी सॉकेटमध्ये जीपीएस ट्रॅकर लावलाय? तो आधी काढा. अपडेट झाल्यावर जॉब कार्डवर मॉड्यूलचं नाव, जुनी आणि नवी आवृत्ती लिहून घ्या.