सही करण्याआधी…

डॉक्टर म्हणाले म्हणून सही ठोकली, असं क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, करू नका. संमतीपत्र मराठीतून मागा, घरी न्या, घरच्यांशी बोला. सही झाल्यावर एक प्रत तुमची. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर असावाच लागतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘नवं औषध मिळणार’. ते मिळेलच असं नाही. कुणाला नवं औषध, कुणाला आधीपासून वापरातलं, कुणाला प्लासिबो (औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी), हे अनेक चाचण्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. तुमच्या वाट्याला काय आलं, हे कधीकधी खुद्द तुमच्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं! आणि नवं औषध मिळालं, तरी ते गुणकारी आहे का, हेच तर तपासायचं असतं.

चाचणीमुळे इजा झाली, तर 2019च्या केंद्रीय नियमांनुसार मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळते. मधेच बाहेर पडता येतं. बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणाला थांबवता येत नाहीत. फक्त गोळ्या परस्पर बंद करू नका, आधी कळवा.

चाचणीचा ‘सीटीआरआय’ (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी क्रमांकही विचारा. ही नोंदणी 15 जून 2009पासून बंधनकारक आहे आणि इंटरनेटवर कुणालाही पाहता येते.