पंखा चालू झाला, पण निदान चुकलेलंच होतं

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन मामाकडे निघालो होतो. घोडेगाव सोडलं, डिंभे धरणाच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला लागलो आणि पाऊस वाढला. काचा वर केल्या, तर दहा मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. ब्लोअरचं बटण एकपासून चारपर्यंत फिरवलं, पण पंखा ढिम्म. गाडी वडिलांची, वीस वर्षांपेक्षा जुनी. आई पदराने काच पुसायची आणि मी त्या हाताएवढ्या गोलातून वळणं बघायचो. समोरून एसटी आली तेव्हा ती आधी दिसली नाही, हॉर्न ऐकू आला. मग काचा अर्ध्या खाली केल्या आणि भिजत भिजत पोचलो.

चिडण्याचं कारण वेगळंच होतं. हाच पंखा दोन आठवड्यांपूर्वी 'दुरुस्त' झाला होता. गॅरेजवाल्याने मोटर गेली म्हणून सांगितलं, जुन्या बाजारातली दुसरी मोटर आणून बसवली, पंखा फुरफुरायला लागला, दादांनी (आम्ही वडिलांना दादाच म्हणतो) पैसे दिले. आता तुम्हीच सांगा, मोटर बदलल्यावर पंखा चालू झाला, म्हणजे मोटरच खराब होती ना? पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात असूनही मी तेव्हा हो म्हणालो असतो. ही पोस्ट त्या 'हो'बद्दल आहे.

आधी पंखा चालतो कसा ते बघू. जुन्या गाड्यांमध्ये हे प्रकरण साधं असतं. बॅटरीतून करंट निघतो, फ्यूज आणि रिलेमधून मोटरपर्यंत येतो. मोटरमधून बाहेर पडून रेझिस्टरमध्ये, तिथून डॅशबोर्डवरच्या बटणात आणि शेवटी बटणाच्या वायरने गाडीच्या पत्र्यात. पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे चक्र पूर्ण होतं. सगळ्या गाड्यांत क्रम हाच नसतो, पण आमच्या गाडीत असा आहे. रेझिस्टरचं काम वेग कमी करणं. एक नंबरवर करंटला सगळ्या रेझिस्टरमधून जावं लागतं, चार नंबरवर तो रेझिस्टर टाळून थेट जातो. म्हणून पंखा फक्त चारवरच चालत असेल आणि एक-दोन-तीनवर मेला असेल, तर बहुतेक वेळा रेझिस्टर जळालेला असतो. मोटरला हात लावायचीही गरज नाही. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर उलट मोटरकडे बघायचं. ती जाम झाली, आत पालापाचोळा अडकला की ती जास्त करंट ओढते. अशा वेळी मोठा फ्यूज टाकून देणारे लोक असतात. तसं करू नका, फ्यूज वाचतो आणि वायर पेटते.

आमच्या गाडीत चारही नंबर बंद, फ्यूज शाबूत. मधूनच खड्ड्यात चाक गेलं की पंखा क्षणभर फिरायचा. ही शेवटची गोष्ट दादा पहिल्यापासून सांगत होते, पण ती कोणी मनावर घेतली नाही. मीही नाही.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे डिकीत गोणपाटात गुंडाळून ठेवलेली जुनी, 'गेलेली' मोटर काढली. फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी ती थेट बॅटरीला जोडली. मस्त फिरली! कार्बन थोडे झिजलेले, बारीक ठिणग्या दिसत होत्या, पण मोटर जिवंत होती. (जाता जाता, या ठिणग्यांमधून रेडिओ लहरी निघतात, जुन्या रेडिओवर मिक्सरची खरखर येते ती यामुळेच. आमच्या तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. आकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकणाऱ्यांना माणसांनी केलेला हा असला गोंगाट केवढा छळत असेल!)

म्हणजे गॅरेजवाल्याचं निदान चूक. तरी त्याच्या उपायाने पंखा दोन आठवडे चालला, हे कोडं उरलंच.

मग मल्टिमीटर काढला. मोटरचा प्लग काढला, चावी फिरवली, बटण चारवर ठेवलं आणि प्लगच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजलं. 12.4. बॅटरीवर मोजलं, तेही 12.4. म्हणजे मोटरपर्यंत सगळं व्यवस्थित पोचतंय आणि तरी मोटर फिरत नाही, मग मोटरच खराब! गॅरेजवाल्याने बहुधा हेच केलं असणार आणि या आकड्यांवरून त्याचा निष्कर्ष अगदी रास्त होता. माझ्याकडे फक्त एक जास्तीची माहिती होती: जुनी मोटर डोळ्यांसमोर फिरली होती, आणि नवी बसूनही पंखा बंद होता. दोन्ही मोटरींना तोच आजार होणं जरा अवघडच.

इथे मल्टिमीटरने खोटं सांगितलं नाही, मीच प्रश्न चुकीचा विचारला. व्होल्टेज मोजताना मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. साध्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध 10 मेगाओहमच्या आसपास असतो, म्हणजे 12 व्होल्टला मायक्रोअँपिअरभर करंट. वाटेत एखादा जोड गंजून त्याचा रोध चार ओहम झाला असेल, तर एवढ्याशा करंटला त्याचा पत्ताही लागत नाही. मोटर मात्र पूर्ण वेगात दहा-पंधरा अँपिअर मागते. तिला ते चार ओहम म्हणजे भिंत.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ठिबकची लाइन आठवा. पुढचा कॉक बंद ठेवून प्रेशर गेज बघितलं तर दाब पूर्ण दिसतो, मागे फिल्टर कचऱ्याने भरलेला असला तरी. कॉक उघडा, पाणी वाहू द्या, मग काटा खाली येतो. वाहतं असतानाच फिल्टरची खरी अवस्था कळते.

म्हणून प्लग परत जोडला, मागच्या बाजूने मीटरची टोकं खुपसली आणि बटण चारवर ठेवून टप्प्याटप्प्याने मोजलं. मोटरच्या दोन टोकांत फक्त 1.3 व्होल्ट. पॉझिटिव्ह बाजूच्या सगळ्या वायरी आणि बटण मिळून 0.5 व्होल्ट. आणि बटणाची वायर जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, त्या वायरची रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये 10.6 व्होल्ट! बेरीज 12.4, हिशेब जुळला. चांगल्या जोडावर हा आकडा शून्याच्या आसपास हवा. बोल्टला बोट लावलं तर चटका बसला. पंख्याची सगळी शक्ती तिथे उष्णता होऊन जात होती. काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी झिरपून तिथे गंज चढला होता.

आता कोड्याचं उत्तर. मोटर बाहेर काढायची तर तिच्यासमोरची एक लोखंडी पट्टी सोडवावी लागते, आणि अर्थिंगची ही रिंग त्याच पट्टीच्या बोल्टखाली होती. गॅरेजवाल्याने बोल्ट सोडला, परत आवळला, त्यात गंज थोडा खरवडला गेला आणि जोड दोन आठवडे बरा झाला. एका दुरुस्तीत दोन गोष्टी बदलल्या, एक जाणूनबुजून आणि एक नकळत. गुण आला नकळत केलेल्याने, श्रेय आणि पैसे गेले मोटरला.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, बोल्ट सोडला, पत्रा आणि पट्टी पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, रिंग नवी लावली, दात्यांचा वॉशर घातला, आवळून वरून पेट्रोलियम जेली फासली. मग मुद्दाम जुनीच मोटर परत बसवली. पंखा चालू असताना बोल्ट सैल केला, पंखा मंदावला. आवळला, पुन्हा जोर आला. असं तीनदा केलं. दादा म्हणाले, "चालू झालाय ना, आता कशाला खेळतोयस?" पण दोष हवा तेव्हा आणता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो, हे दिसेपर्यंत मला या पंख्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा नव्हता. त्या रस्त्यावर तर नाहीच.

हे सगळं इथे लिहितोय कारण त्याच रात्री मला झोप आली नाही. माझ्या संशोधनात भातखाचरांमध्ये मातीतला ओलावा मोजणारी यंत्रं लावलेली आहेत. त्यातलं एक यंत्र जूनपासून मध्येच गप्प व्हायचं. मी प्रत्येक वेळी शेतात जाऊन बॅटरी मोजायचो, 4.0 व्होल्ट, उत्तम. मग सेन्सर खराब असं ठरवून सेन्सर बदलला. यंत्र काही दिवस नीट चाललं. मी वहीत 'सेन्सर सदोष' असं लिहिलं आणि त्या सेन्सरचा तीन आठवड्यांचा डेटा बाद केला. गाइडनाही तसंच सांगितलं होतं.

सेन्सर बदलताना मी बॅटरीसुद्धा काढून परत बसवली होती.

दुसऱ्या दिवशी गमबूट घालून खाचरात गेलो आणि या वेळी यंत्र मोबाइल नेटवर्कवर माहिती पाठवत असताना मीटर लावून थांबलो. पाठवताना मॉडेम क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. आकडा 4.0 वरून 3.2 वर आला आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. बॅटरीच्या कप्प्यातली स्प्रिंग हिरवी पडली होती. काढलेला सेन्सर प्रयोगशाळेत ओल्या आणि कोरड्या मातीत तपासला, तो बरोबर मोजत होता. बाद केलेला डेटा परत घेतला, वहीतली ती नोंद खोडली नाही, तिच्याखाली तारीख टाकून नवी लिहिली आणि गाइडना फोन लावला.