पाळीचा नंबर कोण देतो?

नेवासे तालुक्यात मुळेच्या पाटपाण्यावर ऊस वाढला, सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि इथल्या घराघरांत दोन तारखा तोंडपाठ झाल्या. एक लागणीची, दुसरी नोंदीची. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमधली, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, सुरू उसाची जानेवारी-फेब्रुवारीतली, मग खोडवा. तोडणीची पाळी साधारणपणे याच तारखांवरून लागते. पाळी महिनाभर लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि त्या रानात घ्यायचे पुढचे पीकही हुकते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे १४ दिवसांत मिळायचे, तेही ऊस गव्हाणीत पडल्यापासून मोजून. तेव्हा नोंदवहीतला क्रमांक आधी की नंतर, यावर घरातली बरीच गणिते ठरतात.

हा क्रमांक टेबलावरच्या एका संगणकातल्या फायलीतून मोठ्या सर्व्हरवर जातो, तेव्हा काय होते हे मला इथे सांगायचे आहे. परिसरातल्या छोट्या-मोठ्या संस्थांच्या नोंदी अशा हलवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. लोक त्याला ‘डेटा शिफ्टिंग’ म्हणतात, जणू एका खोलीतले कपाट दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचे आहे. कपाट हलते, पण त्याच्या कुलपाची पद्धत बदलते, ही गोष्ट त्या शब्दात येत नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या संस्थांत संगणक आला तो फॉक्सप्रो घेऊन. फॉक्सप्रो बनवणारी कंपनी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वतःचे ‘अ‍ॅक्सेस’ बाजारात आणले. दोन्हींचा गुण एकच. संस्थेतलाच एखादा हुशार कारकून चार महिने खटपट करून स्वतःच्या कामापुरता प्रोग्राम लिहू शकत असे. त्यात गटवार यादी निघे, चिटबॉयला द्यायची यादी निघे, खतउधारीची वजावट होई. शहरातून आलेले तज्ज्ञ हे प्रोग्राम पाहून नाक मुरडतात. मला मात्र त्यांच्याबद्दल आदर आहे. कामाचे जे बारकावे कोणत्याही नियमावलीत सापडत नाहीत, ते या प्रोग्रामांत सापडतात. खोडव्याची नोंद वेगळ्या रकान्यात का, एकाच गट नंबरात दोन भावांचा ऊस असेल तर काय करायचे, अशा प्रश्नांची उत्तरे तिथे शांतपणे लिहून ठेवलेली असतात.

अडचण सुरू होते ती दुसरा संगणक आल्यावर. टेबलावरच्या डेटाबेसमध्ये सगळ्या नोंदी एका फायलीत असतात. ती फाईल जाळ्यावर ठेवून चार जणांनी उघडली, तर शोधण्याचे, जुळवण्याचे, बदलण्याचे काम चारही संगणक आपापले करतात. म्हणजे दप्तरखान्याला दार आहे, पण आत कारकून नाही; ज्याला हवे त्याने आत जावे, वही आपल्या टेबलाशी आणावी, पाने उलटावीत, लिहावे आणि परत ठेवावी. एकाने वही नेताना मध्येच वीज गेली तर पान अर्धे लिहिलेले राहते. अ‍ॅक्सेसची फाईल २ जीबीपुढे वाढत नाही हे सगळ्यांना माहीत असते. पण आमच्याकडे फाईल बिघडते ती आकारामुळे क्वचित, भारनियमनामुळे अधिक.

सर्व्हर म्हणजे त्या दप्तरखान्याच्या खिडकीत बसलेला कारकून. आत कोणालाच प्रवेश नाही. खिडकीतून प्रश्न द्यायचा : ‘सोनई गट, आडसाली, अमुक तारखेपूर्वीच्या नोंदी.’ तो आत जाऊन शोधतो आणि फक्त तेवढ्याच ओळी बाहेर देतो. बदल करायचा तर आधी आपल्या रोजनाम्यात टिपतो, मग वहीत करतो. वीज गेली तरी परत आल्यावर रोजनामा पाहून अर्धवट काम एक तर पुरे करतो किंवा पुसून टाकतो.

या दोघांना जोडणारा दुभाषा म्हणजे ओडीबीसी. तोही १९९२ चाच. त्याच्यामुळे कारकुनाचा जुना प्रोग्राम तसाच ठेवता येतो. स्क्रीन तीच, बटणे तीच, छापील यादी तीच. फक्त नोंदींचा तक्ता फायलीतून निघून सर्व्हरवर जातो, आणि फायलीत त्याच्या जागी एक दुवा राहतो. याला ‘लिंक केलेला तक्ता’ म्हणतात. सगळे मोडून नवे विकत घेण्यापेक्षा मला हा मार्ग बऱ्याचदा शहाणपणाचा वाटतो.

पण दुभाषा गुपचूप काय करतो ते पाहावे लागते. समजा, कारकुनाने उसाचे वय काढण्यासाठी स्वतःचे एक सूत्र लिहिले आहे, आणि त्या सूत्राने चौदा महिन्यांपुढचे ऊस निवडायचे आहेत. हे सूत्र सर्व्हरला माहीत नाही. मग दुभाषा सर्व्हरकडून सगळ्याच नोंदी मागवतो आणि निवड इकडे करतो. हजार ओळींना कळत नाही. लाख ओळींना चहा पिऊन येईपर्यंत पडदा हलत नाही, आणि लोक म्हणतात, ‘सर्व्हर घेतला नि काम मंदावले.’ उपाय साधा आहे. वयाचे सूत्र सर्व्हरच्या भाषेत लिहावे आणि प्रश्न दुभाष्याला न उलगडू देता थेट पाठवावा.

तारेवरून किती थोडे पाठवले तरी भागते, याचे उत्तम उदाहरण आपल्या उसाच्याच राज्यातले आहे. वारणानगरच्या सहकारी समूहाभोवतीच्या कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांत १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रांवर संगणक बसवले. इंटरनेट, शेतीसल्ला, बाजारभाव अशा मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात त्यांचा मुख्य वापर उरला तो ऊस आणि खताच्या हिशेबापुरता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून एसएमएस पाठवून तेच काम होते का, हे पाहिले. ते झाले, आणि कमी खर्चात झाले. वारणेचा प्रयोग फसला असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्याला नेमकी कोणती माहिती हवी असते, हे त्या प्रयोगाने दाखवले.

आता नावांकडे येऊ. जुन्या प्रोग्रामांतले मराठी बहुतेक वेळा श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमधले असते. पडद्यावर ‘भानुदास’ दिसते, फायलीत मात्र रोमन चिन्हांचा गिचमिडा असतो. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणला, आणि सर्व्हरवरचा रकाना चुकून जुन्या, युनिकोड नसलेल्या प्रकारचा ठेवला, तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह उमटते. हे दिसण्याचे दुखणे नव्हे. प्रश्नचिन्हच साठवले जाते. मूळ फाईल जपलेली नसेल तर नाव कायमचे गेले. म्हणून जुनी फाईल निदान दोन गळीत हंगाम तरी हात न लावता ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

युनिकोडमध्येही मराठीची एक खास गंमत आहे. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांतला आडवा र दोन तऱ्हांनी टंकता येतो : एकदा नुक्त्याच्या र ला हलन्त देऊन, एकदा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. मग एकच खातेदार यादीत दोनदा येतो, किंवा सातबाऱ्यावर आहे तो आमच्याकडे ‘सापडत नाही’. नावे हलवताना अशी सगळी रूपे एका साच्यात आणणे हे कंटाळवाणे काम आहे आणि निविदेत ते कधीच लिहिलेले नसते.

सगळ्यांत नाजूक भाग क्रमांकाचा. कारकुनाचा प्रोग्राम नवा नंबर कसा देतो? शेवटचा नंबर पाहतो आणि त्यात एक मिळवतो. एकच माणूस नोंद घेत होता तोवर हे बिनतोड होते. दोन गट कार्यालयांतून एकाच क्षणी नोंद झाली, की दोघांनाही शेवटचा १०४ दिसतो आणि दोघेही १०५ देतात. ही खोट सर्व्हरवर नेल्याने आपोआप जात नाही. उलट नोंद घेणारे वाढल्याने वारंवार दिसते.

यावर तज्ज्ञ सांगतात, नंबर सर्व्हरलाच देऊ द्या. तशी सोय आहे, आणि तिने दोघांना एक नंबर कधीच मिळत नाही. पण ती सोय नंबर सलग राहतील असे वचन देत नाही. नोंद अर्ध्यावर रद्द झाली तर तो नंबर वाया जातो. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून तर यंत्र अचानक बंद पडून परत सुरू झाले की आकडा एकदम हजारभराने पुढे उडी घेऊ शकतो, कारण पुढचे हजार नंबर त्याने आधीच हाताशी काढून ठेवलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने यात काही बिघडलेले नाही. पण यादी फलकावर लागते आणि १०४ नंतर १०६ येतो, तेव्हा पारावर एकच प्रश्न असतो : १०५ कोणाचा, आणि तो काढला कोणी? ज्या गावांत पाळी मागे-पुढे केल्याचे आरोप निवडणुकीच्या सभांत होतात, तिथे ‘यंत्राचा स्वभावच तसा’ हे उत्तर चालत नाही. चालू नयेच, असे माझे मत आहे.

म्हणून मी दोन क्रमांक वेगळे ठेवतो. एक आतला, सर्व्हरने दिलेला. तो फक्त नोंदी एकमेकींशी जोडण्यासाठी, कागदावर कधीच न छापलेला. दुसरा पाळीचा. त्यासाठी एकाच ओळीचा एक छोटा तक्ता असतो, त्यात गेलेला शेवटचा नंबर. नवी नोंद घेताना सर्व्हर त्या ओळीला कुलूप लावतो, आकडा एकाने वाढवतो, नोंद लिहितो आणि मगच कुलूप काढतो. मधे काहीही अडले तर आकडाही मागे येतो. दुसऱ्या गटाला तेवढा वेळ थांबावे लागते, पण तो डोळे मिटून उघडण्याइतकाच. आणि रद्द झालेली नोंद पुसण्याचा अधिकार सर्व्हरवर कोणालाच ठेवायचा नाही, अध्यक्षांच्या केबिनमधल्या संगणकालाही नाही. यादीत ती आपल्या जागी राहते : १०५, रद्द, कारण, तारीख, आणि रद्द करणाऱ्याचे नाव.