ग्रंथालय, वाचक आणि अनुस्वार

ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था होय, असे शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांपैकी शेवटच्या सूत्रात प्रतिपादिले. ही वाढ त्यांनी ग्रंथ, वाचक व सेवकवर्ग या तीन अंगांनी पाहिली होती. गेल्या वीस वर्षांत तिला चौथे अंग फुटले आहे. वाचक हा ग्रंथ नेणारा व परत करणारा एवढाच न राहता, आंतरजालाच्या साहाय्याने ग्रंथालयाच्या सूचीत व संग्रहात स्वतः भर घालू लागला आहे. या बदलाचा मराठी ग्रंथांच्या व मराठी भाषेच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोकांच्या हातून विद्येचे काम करून घेण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ साली वाचकांना जाहीर आवाहन केले आणि शब्दांच्या वापराची उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून मागविली. टपालाने जे वर्षानुवर्षे चालले, ते आता क्षणात होते, एवढाच फरक आहे. मायकेल केसी यांनी २००५ साली ‘ग्रंथालय २.०’ ही संज्ञा प्रचारात आणली, तेव्हापासून या सहभागाचे तीन प्रकार स्थिर झालेले दिसतात.

पहिला प्रकार खूणशब्दांचा. ग्रंथपाल ज्या पुस्तकाला ‘पाकशास्त्र’ म्हणून ड्यूईच्या पद्धतीने ६४१.५ हा क्रमांक देतो, तेच वाचक ‘स्वयंपाक’ या शब्दाने शोधतो. आपली विषयसूची संस्कृतप्रचुर आणि वाचकाची जीभ घरगुती, हे अंतर मराठीत विशेष आहे. वाचकाने लावलेले खूणशब्द ते कमी करतात. दुसरा प्रकार ओळख पटविण्याचा. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जानेवारी २००८ मध्ये सुमारे ३,१०० छायाचित्रे सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवली, तेव्हा त्यांतील कित्येक माणसे व स्थळे सामान्य प्रेक्षकांनी ओळखून दिली. तिसरा प्रकार शुद्धीकरणाचा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून जुन्या वृत्तपत्रांची यंत्राने वाचलेली संहिता लोकांपुढे दुरुस्तीसाठी ठेवली आणि वाचकांनी तिच्या कोट्यवधी ओळी सुधारल्या.

मराठीत हा तिसरा प्रकारच सर्वांत महत्त्वाचा आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. अशा संस्थांतून जपलेले त्या काळचे ग्रंथ ठिसूळ कागदावर आहेत. हाताळले की झिजतात, न हाताळले तर विस्मरणात जातात. अंधेरीच्या विद्यार्थ्याला एखादी जुनी प्रत पाहावयाची झाल्यास दादर किंवा फोर्ट गाठावे लागते, आणि तेथेही ती हाती दिली जाईलच असे नाही. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरची साठ वर्षे उलटली की त्याचे ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतात. असे ग्रंथ संगणकावर उतरविण्याचे एक स्थान म्हणजे मराठी विकिस्रोत. तेथे एका बाजूस मूळ पानाचे छायाचित्र व दुसऱ्या बाजूस यंत्राने वाचलेली संहिता असते. एका वाचकाने तिचे मुद्रितशोधन करावयाचे आणि दुसऱ्याने ते तपासून प्रमाणित करावयाचे, अशी तेथील रीत आहे.

खरा प्रश्न उद्भवतो तो येथे. यंत्र ‘ध’ व ‘घ’, ‘भ’ व ‘म’ यांत गफलत करते, आणि जुन्या छपाईतील अनुस्वार हा त्याला धुळीचा कण वाटतो. अक्षराची गफलत शोधकाच्या लक्षात येते. अनुस्वाराची येत नाही, कारण १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आल्यापासून आपणही तो लिहीत नाही. शोधक सद्हेतूने ‘नांव’चे ‘नाव’ करतो आणि एक भेद पुसला जातो. ‘नांव’ हे संस्कृत ‘नाम’चे रूप, ‘नाव’ म्हणजे होडी. ‘गांव’मधील बिंदू ‘ग्राम’मधील ‘म’ची, तर ‘पांच’मधील बिंदू ‘पञ्च’मधील अनुनासिकाची खूण आहे. ‘घोडे’ हे पुल्लिंगी अनेकवचन व ‘घरें’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन, हा भेदही त्या बिंदूनेच दाखविला जाई. असे सानुनासिक उच्चार चित्पावनी बोलीत व गोव्याच्या कोकणीत जिवंत राहिले आहेत. तात्पर्य, हा बिंदू म्हणजे भाषेच्या इतिहासाचा पुरावा आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, चिपळूणकरांच्या पूर्वीच्या गद्यातील उतारे मुळानुसार छापावेत व नंतरचे नव्या नियमांनुसार, असे महामंडळाचाच नियम सांगतो. मग हरि नारायण आपटे यांची संहिता जुन्या लेखनात का ठेवावी? उत्तर असे की, तो नियम छपाईसाठी आहे. पाठ्यपुस्तकात उतारा सुलभ असावा हे योग्यच होय. परंतु छायाचित्राशेजारची संहिता ही त्या छायाचित्राची साक्ष असते, आणि साक्षीदाराने सुधारून सांगू नये. शोधाची सोय हा मात्र यंत्राचा प्रश्न आहे. ‘नाव’ टंकले असता ‘नांव’ही सापडावे, अशी योजना शोधयंत्रात करता येते. त्यासाठी मूळ संहितेला हात लावण्याचे कारण नाही.

तेव्हा सहभागाचे यश केवळ यंत्रावर वा उत्साहावर अवलंबून नसून शिस्तीवर अवलंबून आहे. ही शिस्त लावण्याचे काम ग्रंथपालाचे व भाषेच्या अध्यापकाचे आहे. उपनगरातील एखाद्या ग्रंथालयाने आपल्याजवळचा एकच हक्कमुक्त ग्रंथ निवडावा, आठवड्यातून एक तास वाचकांना जमवावे, आणि शोधनाचे नियम एका पानात लिहून त्यांच्या हाती द्यावेत. या कामी निवृत्त शिक्षकांचा विशेष उपयोग होईल. त्यांच्यापैकी ज्यांनी जुन्या लेखनातील पुस्तके वाचली आहेत, त्यांचा डोळा त्या बिंदूवर अडखळत नाही. ही पिढी फार काळ उपलब्ध राहणार नाही. कागद आणि तो वाचू शकणारी नजर ही दोन्ही एकाच वेळी विरत आहेत, म्हणून हे काम आजच हाती घेणे अगत्याचे आहे.